पाणी धरणारी साखर

थंडी पडायला लागली की नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडच्या किराणा दुकानांत खारीक-खोबऱ्याच्या शेजारी डिंक येऊन बसतो. त्यातला चांगला माल धावड्याचा. उमरेडजवळ कऱ्हांडल्याचं जंगल आहे. साग, तेंदू, मोह यांच्या सोबतीनं धावडा हा तिथल्या कोरड्या पानगळीच्या जंगलाचा जुना रहिवासी. सालीला जखम झाली की झाड त्या जागी चिकट रस सोडतं. उन्हात तो वाळतो आणि पिवळसर-तांबूस खडे तयार होतात. बाळंतिणीच्या लाडवात पडणारा डिंक तो हाच.

हा खडा जवळजवळ सगळा साखरेचा असतो. अरॅबिनोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, झायलोज या साध्या शर्करा आणि ग्लुकुरोनिक आम्ल एकमेकांना जोडून झाडानं लांबलचक, फांद्या फुटलेल्या साखळ्या तयार केलेल्या असतात. जिभेवर तो गोड लागत नाही, कारण गोडी ओळखणाऱ्या पेशींना लहान रेणू लागतात, एवढी लांब साखळी त्यांच्या पकडीत येत नाही. साखळीतल्या प्रत्येक साखरेवर मात्र ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या मोकळ्या असतात, आणि त्या पाण्याला धरून ठेवतात. खडा कोरडा दिसला तरी आत थोडं पाणी असतंच. तुपात तळताना डिंक फुलतो तो या पाण्याची वाफ झाल्यामुळे. पाण्यात भिजवला तर त्यातला बराचसा भाग विरघळतो आणि उरलेला फुगून बुळबुळीत होतो. कांडोळाचा डिंक, ज्याला बाजारात कराया म्हणतात, तर विरघळण्यापेक्षा फुगतोच जास्त. त्याचं आकारमान साठ ते शंभर पट होऊ शकतं.

ओला असूनही वाहून न जाणाऱ्या अशा पदार्थाला रसायनशास्त्रात हायड्रोजेल म्हणतात. त्यात वजनानं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असू शकतं, तरी तो आपला आकार सांभाळतो. साखरेच्या साखळ्यांपासून बनलेली अशी जेल आज जगभरच्या औषधशाळांत एका अवघड कामासाठी वापरून पाहिली जात आहेत. ते काम म्हणजे प्रथिनांची औषधं शरीरात हळूहळू, ठरलेल्या गतीनं सोडणं. हे काम का अवघड आहे, हे कळायला इन्सुलिनपासून सुरुवात केलेली बरी.

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. फ्रेडरिक सँगरनं त्यातला क्रम उलगडला आणि त्याबद्दल त्याला १९५८चं नोबेल मिळालं. टोरांटोत ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. तेव्हापासून शंभर वर्षं उलटून गेली, तरी रुग्णाच्या रोजच्या जगण्यातली मूळ अडचण शिल्लक आहे. इन्सुलिन तोंडावाटे दिलं, तर पोटातलं आम्ल आणि पाचक रस त्याला डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवून टाकतात. रक्तात गेलं, तर पाचेक मिनिटांत त्यातलं निम्मं नाहीसं होतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड ते थेंबाथेंबानं अहोरात्र सोडत असतं. सुई मात्र सगळा डोस एकदम ओतते.

हा वेग कमी करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न डेन्मार्कच्या हॅन्स ख्रिश्चन हागेडॉर्ननं १९३६ मध्ये केला. माशाच्या शुक्रपेशींतलं प्रोटामीन नावाचं प्रथिन त्यानं इन्सुलिनमध्ये मिसळलं. दोघं मिळून न विरघळणारे कण तयार होतात आणि कातडीखाली ते सावकाश विरघळतात. त्याचीच सुधारलेली आवृत्ती १९४६ मध्ये आली. औषधाच्या दुकानात आजही मिळणारी, टोचण्यापूर्वी तळहातांत फिरवावी लागणारी दुधाळ इन्सुलिनची कुपी तीच. महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटाही मोठा आहे. जनुकांमध्ये बदल केलेल्या सूक्ष्मजीवांकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्याचं तंत्र वॉकहार्ट या इथल्या औषध कंपनीनं उभारलं आणि २००३ मध्ये ते भारतीय बाजारात आणलं. परदेशी कुपीवरचं आपलं अवलंबित्व तेव्हापासून सैल होऊ लागलं.

मधुमेह आता शहरापुरता राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे पहिले आकडे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात महाराष्ट्रातल्या ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचं दिसलं. उमरेडसारख्या तालुक्यात हा आजार म्हणजे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला, वीज गेलेली आणि २ ते ८ अंशांत ठेवायची कुपी माठाच्या गारव्यात जपलेली. रोजच्या टोचणीऐवजी आठवड्यातून एकदा पुरणारं, उन्हात न बिघडणारं औषध ज्याला सगळ्यात जास्त हवं आहे, तो माणूस इथे राहतो. हे संशोधन मला महत्त्वाचं वाटतं ते म्हणून.

प्रथिनाची गोळी किंवा चकती करून कातडीखाली का ठेवत नाहीत? अनेक साध्या औषधांच्या बाबतीत तसं करता येतं. प्रथिनाच्या बाबतीत ते शक्यच नाही, असं बराच काळ मानलं जात होतं. एवढा मोठा रेणू घट्ट प्लास्टिकमधून बाहेर पडणार कसा? १९७६ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जुडा फोकमन यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की पडतो, फक्त प्लास्टिकच्या आत वाकड्यातिकड्या वाटा तयार व्हायला हव्यात. त्या निबंधातून एक नवं शास्त्र उभं राहिलं.

पुढे शरीरात विरघळून जाणारी प्लास्टिकं आली. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या साखळ्यांपासून बनलेली ही प्लास्टिकं शल्यक्रियेच्या टाक्यांमध्ये वापरली जात होतीच. वाढीचं संप्रेरक त्यांच्या बारीक गोळ्यांत भरून अमेरिकेत एक औषध तयार झालं आणि १९९९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रोजच्या टोचणीऐवजी महिन्यातून एक-दोनदा टोचलं तरी पुरेल असा तो बेत होता. २००४ मध्ये ते उत्पादन बंद झालं. ते बनवायला लागणारी साधनसामग्री परवडेना.

त्या प्लास्टिकची अडचण खर्चापुरती नव्हती. प्रथिन म्हणजे नेमक्या घडीत दुमडलेली साखळी. घडी मोडली की औषध गेलंच, शिवाय मोडलेल्या प्रथिनाला शरीर परकं समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. आणि ही घडी टिकते पाण्यात. प्लास्टिकच्या गोळ्या बनवताना प्रथिनाला तेलकट द्रावकांतून जावं लागतं, जोरानं घुसळलं जावं लागतं. पुढे शरीरात प्लास्टिक विरघळताना आतल्या आत आम्ल साचतं, आणि त्यातही प्रथिन बिघडतं. म्हणजे प्रथिनासाठी असं घर हवं जे बहुतांशी पाण्याचंच असेल, तरीही पाण्यासारखं वाहून जाणार नाही. हायड्रोजेलकडे शास्त्रज्ञ वळले ते या गरजेपोटी.

वैद्यकीय वापरासाठी हायड्रोजेल पहिल्यांदा घडवलं ते चेकोस्लोव्हाकियाच्या ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी. १९६० मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलं आणि त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स जन्माला आली. त्यांचा पदार्थ कृत्रिम होता. साखरेच्या साखळ्या मात्र जीवसृष्टीत आधीपासूनच हेच काम करत आहेत. आपल्या डोळ्याच्या आतला काचद्रव हे साखरेच्या साखळीवर तोललेलं जेल आहे. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यांतून ती साखळी वेगळी केली. तिचं नाव हायलुरोनिक आम्ल, गुडघ्यात टोचतात तेच. पेशींच्या भोवती हेपरान सल्फेट नावाच्या दुसऱ्या साखळ्या असतात. जखम भरून आणणारी काही प्रथिनं त्यांना चिकटून साठून राहतात आणि गरज पडेल तशी सुटतात. ठरलेल्या गतीनं प्रथिन सोडण्याची युक्ती शरीराला आपल्या फार आधी सापडली आहे.

आता कापसाकडे येऊ, कारण तो उमरेडच्या शिवारातला आहे आणि आश्चर्य वाटेल इतका साखरेचा आहे. कापसाच्या तंतूत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची सरळ साखळी. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्चही ग्लुकोजचाच. फरक फक्त दोन ग्लुकोज कोणत्या कोनात जोडले गेले यात आहे. त्या कोनामुळे स्टार्चची साखळी वळते आणि शिजवल्यावर पाण्यात फुगते, तर सेल्युलोजच्या साखळ्या शेजारी शेजारी इतक्या घट्ट बसतात की मध्ये पाण्याला जागाच राहत नाही. म्हणून भात शिजतो आणि धोतर शिजत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत एका रसायनतज्ज्ञानं या घट्ट साखळ्यांना ऋणभार असलेले छोटे गट जोडले. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, साखळ्या सुट्या होतात आणि पाणी आत शिरतं. कापसाचं जेल झालं. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज हे त्याचं लांबलचक नाव. आज ते आइस्क्रीमपासून डोळ्यांच्या थेंबांपर्यंत सगळीकडे असतं. लाकडाचा लगदा किंवा सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू हा त्याचा कच्चा माल. आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं याच आखूड तंतूंपासून नॅनोसेल्युलोज काढण्याचा प्रायोगिक कारखाना उभारला आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था तर नागपुरातच आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या कापसाला गाठीच्या भावापलीकडेही किंमत असू शकते, ती या दिशेनं.

याच कापसाच्या जेलमधून प्रथिनाचं एक औषध प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोहोचलेलं आहे. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेत शेतात वावरणाऱ्याला पऱ्हाटीचा खुंट लागला तरी कळत नाही. जखम चिघळते, आणि पुष्कळदा ती पाय कापण्यापर्यंत जाते. रक्तातल्या बिंबाणूंमध्ये जखम भरायला पेशींना बोलावून आणणारं एक प्रथिन असतं. ते यीस्टकडून बनवून घेऊन, एक ग्रॅम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या जेलमध्ये शंभर मायक्रोग्रॅम या प्रमाणात मिसळून तयार केलेलं मलम अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झालं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते लावलेल्या निम्म्या रुग्णांच्या जखमा वीस आठवड्यांत पूर्ण भरल्या. नुसतं, औषध नसलेलं जेल लावलेल्यांपैकी ३५ टक्क्यांच्या भरल्या.

या ३५ टक्क्यांकडे मी पुनःपुन्हा वळतो. त्या रुग्णांनाही जखम नीट साफ करणं, पायावर भार न देणं, ओलावा टिकवणं ही सगळी काळजी मिळालेली होती. प्रथिनानं त्यावर पंधरा टक्क्यांची भर घातली. भर खरी आहे, पण तिला पाया लागतो. मधुमेही शेतकऱ्यानं रोज संध्याकाळी तळपाय आरशात पाहणं आणि पायाला नीट बसणारी चप्पल घालणं, हे कोणत्याही जेलच्या आधी येतं. जेलचं संशोधन करणाऱ्यांनीही हे विसरू नये.

मलमात प्रथिन जेलमध्ये नुसतं मिसळलेलं असतं आणि काही तासांत बाहेर पडतं. दिवस, आठवडे हवे असतील तर साखळ्यांना एकमेकींशी आडव्या गाठी मारून जाळं विणावं लागतं. या जाळ्याची कहाणी सुरू होते साखर कारखान्याच्या आवारात.

तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की त्यात ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात. ते उसातली साखर फोडतात, फ्रुक्टोज सोडून देतात आणि ग्लुकोजच्या लांब साखळ्या जोडत बसतात. या साखळीचं नाव डेक्स्ट्रान. शिळ्या उसाचा रस घट्ट, चिकट होतो, गाळणीत अडकतो, आणि साखरेचे दाणे चौकोनी होण्याऐवजी लांबट होतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांत हंगामाच्या शेवटी, ऊन वाढलं आणि वाहतूक रखडली की हा त्रास ठरलेला. त्यावरचा एक उपाय म्हणजे डेक्स्ट्रानेज हे विकर रसात घालणं. ते साखळीचे तुकडे करतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये बीटच्या साखरेलाही असाच चिकटपणा येत होता, आणि हा पदार्थ काय आहे हे शोधण्याचं काम उप्सालाच्या विद्यापीठात ब्यॉर्न इंगेलमनकडे आलं. त्याच सुमारास अँडर्स ग्रनवॉल हा डॉक्टर रक्तद्रवाला पर्याय शोधत होता. रक्तस्राव झालेल्या माणसाला नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ते रक्तवाहिन्यांत टिकत नाही, पाझरून जातं. पाण्याला धरून ठेवणारा मोठा, निरुपद्रवी रेणू हवा होता. दोघांनी डेक्स्ट्रानच्या साखळ्या योग्य लांबीपर्यंत तोडल्या, आणि १९४७ पासून ते द्रावण रुग्णांच्या शिरेतून जाऊ लागलं. कारखान्याला नको असलेल्या चिकट साखरेनं माणसं वाचवली, ही गोष्ट आपल्या सहकारी कारखान्यांच्या प्रदेशात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

पुढची पायरीही उप्सालातच पडली. जेर्कर पोराथ आणि पेर फ्लोदिन यांनी डेक्स्ट्रानच्या साखळ्यांना आडव्या गाठी मारून त्यांचे बारीक दाणे बनवले आणि ते काचेच्या नळीत भरले. १९५९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की या नळीतून मिश्रण सोडलं तर मोठे रेणू आधी बाहेर येतात आणि लहान नंतर. चाळणीच्या अगदी उलट. उमरेडमधून कोळशाचा ट्रक हमरस्त्यानं सरळ निघून जातो, सायकलवाला मात्र प्रत्येक गल्लीत वळत वळत उशिरा बाहेर पडतो, तसं हे. दाण्यांच्या आतल्या वाटा लहान रेणूंनाच खुल्या असतात. या नळ्यांनी प्रथिनं शुद्ध करण्याची पद्धतच बदलली. १९७० नंतर डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिनही अशाच जेलमधून शुद्ध करून घेतलं जाऊ लागलं, आणि टोचलेल्या जागी होणारे त्रास कमी झाले.

जाळ्याच्या घरांचा आकार आणि प्रथिनाचा आकार यांचं हे नातं औषध सोडण्याच्याही मुळाशी आहे. इन्सुलिनचा सुटा रेणू सुमारे तीन नॅनोमीटरचा, तर प्रतिपिंडाचा दहाच्या आसपास. घरं मोठी असतील तर प्रथिन भराभर निघून जातं. घरं प्रथिनापेक्षा लहान असतील तर ते अडकून पडतं. मग सोडवायचं कसं? नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या विम हेनिंक यांच्या गटानं नव्वदच्या दशकात याचं फार सुंदर उत्तर काढलं. त्यांनी डेक्स्ट्रानचे दाणे विणताना आत प्रतिपिंड ठेवलं आणि सोबत थोडं डेक्स्ट्रानेज. साखर कारखान्यातलं तेच विकर. ते आतूनच जाळं तोडत जातं. विकर जास्त घातलं तर प्रतिपिंड लवकर सुटतं, कमी घातलं तर सावकाश. गतीची चावी हातात आली.

त्यांची दुसरी युक्ती मला त्याहून मोलाची वाटते. डेक्स्ट्रान आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही पाण्यात विरघळतात, पण एकाच भांड्यात जास्त प्रमाणात घातले तर एकमेकांपासून वेगळे होतात. पाण्यातच पाण्याचे थेंब तयार होतात. त्या थेंबांचे दाणे विणले की प्रथिनाला तेलकट द्रावकाचा स्पर्शही होत नाही. प्लास्टिकच्या गोळ्यांची मूळ अडचण इथे सुरुवातीलाच टळते.

हायलुरोनिक आम्लाच्या बारीक कणांत बसवलेलं, आठवड्यातून एकदा टोचायचं वाढीचं संप्रेरक २०१३ मध्ये युरोपात मान्य झालं. म्हणजे ही कल्पना प्रयोगशाळेपुरती उरलेली नाही. इन्सुलिनच्या बाबतीत मात्र बाजी दुसऱ्या वाटेनं मारली. प्रथिनातलीच काही अमिनो आम्लं बदलून किंवा त्याला चरबीची शेपटी जोडून त्याचा मुक्काम वाढवण्यात आला. २०००च्या सुमारास आलेलं, कातडीखाली स्वतःच साका होऊन बसणारं दिवसभराचं इन्सुलिन हे त्याचं उदाहरण. ज्या प्रथिनाची रचना बदलता येते तिथे जेलची गरज कमी भासते. ज्याची रचना बदलली तर गुण जातो, किंवा जे एकाच जागी, गुडघ्यात, डोळ्यात, जखमेत हवं आहे, तिथे जेलला पर्याय नाही. माझा कौल असा आहे.

रक्तातली साखर वाढली की आपोआप इन्सुलिन सोडणारं जेल, हे या क्षेत्राचं जुनं स्वप्न. १९७९ मध्ये मायकेल ब्राउनली आणि अँथनी सेरामी यांनी अबईच्या कुळातल्या एका शेंगेतलं, साखरेला चिकटणारं प्रथिन वापरून तसा प्रयोग केला. साखर जोडलेलं इन्सुलिन त्या प्रथिनाला चिकटून राहतं, आणि ग्लुकोज वाढलं की ग्लुकोज त्याची जागा घेतं आणि इन्सुलिन सुटं होतं. कल्पना निर्दोष होती. पण शेंगेतलं ते प्रथिन शरीरात सुटलं तर रोगप्रतिकारक पेशींना भडकवतं, म्हणून पुढे बोरॉनच्या संयुगांकडे मोर्चा वळला. खरी परीक्षा वेगाची आहे. साखर उतरू लागल्यावर जेलनं तितक्याच झटकन बंद व्हायला हवं, नाहीतर रुग्ण रात्री झोपेत बेशुद्ध पडेल.

महाराष्ट्रात या विद्येची मुळं आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात 'जलशक्ती' नावाचा स्टार्चवर आधारलेला, पाणी शोषून धरणारा पदार्थ विकसित झाला. कोरडवाहू शेतातल्या मुळांना ओल मिळत राहावी हा त्याचा उद्देश. याच प्रयोगशाळेतले रघुनाथ माशेलकर आणि त्यांचे सहकारी फुगणाऱ्या जेलांच्या सैद्धांतिक अभ्यासात रमले. २०१२ मध्ये माशेलकर आणि आशिष लेले यांनी कॅलिफोर्नियातल्या शायनी वर्गीस यांच्या गटासह, तुटल्यावर स्वतःच सांधणारं हायड्रोजेल मांडलं. आम्लात ते काही सेकंदांत जुळतं.

उमरेडला सगळ्यात जवळचं काम नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातलं. तिथे डॉ. ए. के. डोर्ले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००० नंतरच्या वर्षांत राळेवर, म्हणजे पाइनच्या झाडाच्या रसावर, काम केलं. राळेत रासायनिक बदल करून त्यांनी गोळ्यांवरची आवरणं घडवली, ती शरीरात कशी झिजतात हेही तपासलं. राळ ही साखर नाही. ती पाण्याला दूर ठेवते, म्हणून प्रथिनासाठी ती उपयोगाची नाही. पण झाडाच्या जखमेतून आलेल्या रसाला औषधाचा वाहक म्हणून गंभीरपणे घेणारी प्रयोगशाळा उमरेडपासून तासाभराच्या अंतरावर काम करत होती. तीच शिस्त डिंकाला लावली तर काय करावं लागेल?

पहिला अडसर एकसारखेपणाचा. यीस्टनं बनवलेलं प्रथिन प्रत्येक खेपेला तेच असतं. धावड्याच्या दोन झाडांचा, किंवा एकाच झाडाचा कार्तिकातला आणि चैत्रातला डिंक तोच असेल याची खात्री नसते. साखळीची लांबी, फांद्या, आम्लाचं प्रमाण बदललं की जाळ्याची घरं बदलतात आणि औषध सुटण्याची गतीही. जो डोस आठ दिवस पुरायचा तो चार दिवसांत सुटला तर तो जिवावरचा खेळ होईल. बाजारातल्या पोत्यात तर धावडा, बाभूळ, सालई सगळं मिसळलेलं असतं.

कांडोळाच्या डिंकाची अडचण वेगळी. त्याच्या साखळीवर ॲसिटिक आम्लाचे गट असतात, आणि जुना डिंक दमट हवेत ते सोडत राहतो. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो तो त्यामुळे. दातांची कवळी चिकटवण्याच्या पावडरीत हा डिंक वर्षानुवर्षं वापरला जातो, तिथे हे चालून जातं. घडी सांभाळायच्या प्रथिनाशेजारी आम्ल सुटत राहणं चालणार नाही. ते गट आधी काढून टाकावे लागतात, आणि काढले की फुगण्याचा गुणही बदलतो.

तिसरी गोष्ट शरीराच्या बाजूची. हायलुरोनिक आम्ल तोडणारी विकरं आपल्यात आहेत. धावड्याची फांद्या फुटलेली साखळी तोडणारी नाहीत. म्हणून असं जेल कातडीखाली टोचून विसरून जाता येणार नाही, ते तिथेच राहील. पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे झाडांच्या साखळ्या फोडणारी हत्यारं भरपूर आहेत. पोट आणि लहान आतडं पार करून तिथे उघडणाऱ्या गोळ्यांसाठी ग्वार, पेक्टिन यांसारख्या साखळ्या भारतातल्या प्रयोगशाळांत तपासल्या गेल्या आहेत. धावड्याची पहिली खरी जागा तिथे, नाहीतर जखमेवर, जिथून तो धुऊन काढता येतो. टोचणीचं स्वप्न त्याच्यासाठी पाहू नये.

यातली सुरुवात जंगलातच करता येईल. कराया डिंक हा केंद्र सरकारच्या गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत आहे, पण डिंक काढणाऱ्याला मोबदला मिळतो तो वजनावर आणि रंगावर. जास्त वजनासाठी झाडावर खोल घाव घातले जातात, आणि घायाळ झाडं वाळतात. त्याऐवजी जात निवडून, उथळ घाव घालून, एकाच झाडाचा माल एका पिशवीत ठेवला आणि पिशवीवर झाडाची जात, महिना आणि वनखंडाचा क्रमांक लिहिला, तर नागपूरच्या प्रयोगशाळेला साखळीची लांबी मोजायला अर्थपूर्ण नमुना मिळेल, आणि पिशवी आणणाऱ्याला लाडवाच्या डिंकापेक्षा जास्त भाव मागता येईल.